बोर्डानं ‘नाना’ लिहिलंय, कान मात्र तोफेपायी गेलेत

गनर_गडहिंग्लजकर
राम राम मंडळी. 1996 ला तोफखान्यात भरती, 2020 ला हवालदार म्हणून घरी. 1999 ला कारगिलच्या लढाईत द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर होतो. कानात कापूस कोंबून दिवसरात्र फायर. पुढं राजस्थानात महाजनच्या फायरिंग रेंजला तेच. आता घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मंडळीला विचारावं लागतंय, रंकाळ्यावर फिरताना मागनं गाडी आलेली कळत नाही.

रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे घरी सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, 20 टक्के अपंगत्व लिहिलं, आयुष्यभरासाठी. पण पुढं एनएएनए. म्हणजे सेवेमुळं झालं नाही, सेवेमुळं वाढलंही नाही. आम्ही त्याला ‘नाना’च म्हणतो. पेन्शनचा दावा फेटाळला, मी पण गप्प बसलो. आता काय करता येईल?

पन्हाळा_रोड
पन्नाशीला कान जातातच की. माझे पण गेलेत आणि मी बँकेत होतो.

निवृत्त_क्लार्क_सुभेदार
वरच्यांचं सोडा. हवालदारसाहेब, पहिलं काम : आरटीआय टाकून नाशिक रोडच्या तोफखाना रेकॉर्ड्स ऑफिसकडनं बोर्डाची पूर्ण कार्यवाही मागवा, त्या फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-16. त्यात नानाचं कारण काय लिहिलंय बघा. बऱ्याचदा कारणच नसतं, नुसती टिक असते. अपिलात तिथंच बोट ठेवायचं.

धरमवीर सिंग खटल्यात 2013 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय : भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं आणि शंकेचा फायदा जवानाला. पण तो निकाल अपंगत्व पेन्शनच्या 1982 च्या नियमांवरचा. तुम्हाला 2008 चे नियम लागतात, म्हणून नुसत्या त्या निकालावर विसंबू नका, कागद जोडा. एमआय रूमची (युनिटच्या दवाखान्याची) चिट्ठी, पोस्टिंगचा तपशील, मेडिकल कॅटेगरी बदलल्याचे कागद, जे असंल ते.

अपिलाची सहा महिन्यांची मुदत गेली. तरी उशिराचं कारण देऊन मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात, जाता येतं. थकबाकी मात्र मागच्या सगळ्या वर्षांची मिळेलच असं नाही, हे आधीच सांगतो. ‘नाना’ उडाला तर सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालानं 20 टक्क्यांऐवजी 50 टक्के अपंगत्व धरून पेन्शन देतात. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत होते, एजंटाला पैसे देऊ नका.

कानवाली_ताई
काका, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कानांची तपासणी करते. वयानं जाणारा कान आणि आवाजानं गेलेला कान तपासणीच्या आलेखात वेगळा दिसतो. आवाजाचा असेल तर बहुतेकदा 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि 8000 ला रेघ परत थोडी वर येते. वयाचा असेल तर रेघ उतरतच जाते. आजच्या तपासणीत दोन्ही मिसळलेलं असणार, म्हणून नोकरीतला जुना आलेख शोधा. तो सगळ्यात मोलाचा.

गनर_गडहिंग्लजकर
रात्री माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. कोटाच्या खिशात 2004 ची चिट्ठी निघाली : “दोन्ही कानांत शिट्टी वाजते, एम अँड डी.” म्हणजे गोळी घ्या आणि ड्यूटीवर जा. आणि तळाला 2011 चा आलेख, मिलिटरी हॉस्पिटलचा. ताई, 4000 वर खड्डा आहे, 8000 ला रेघ वर आलीय. डॉक्टरांची सही पुसट झालीय, शिक्का मात्र वाचता येतोय.

लॅमिनेट करून ठेवू का?

निवृत्त_क्लार्क_सुभेदार
अजिबात नको! झेरॉक्स काढा, मूळ कागद फाईलला तसाच ठेवा.