मदत हवी आहे : मलकीत सिंग आणि ऐंशीच्या दशकातलं बर्मिंगहॅम

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी मलकीत सिंगवर लेख लिहितेय. 'तूतक तूतक तूतियां' आपल्याकडच्या वरातीतही वाजतं, पण गायक बर्मिंगहॅमचा हे फार जणांना माहीत नसतं. १९८४ च्या सुमारास पंजाबातून तिकडे गेला, 'गोल्डन स्टार' हा बँड उभा केला, २००८ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. हा तपशील कुठेही सापडतो.

मला हवाय तो पोटापाण्याचा भाग. तेव्हा भांगड्याच्या कॅसेट किराणा आणि मिठाईच्या दुकानांतून विकल्या जायच्या, त्यामुळे तो खप ब्रिटिश चार्टमध्ये (गाण्यांच्या खपाच्या क्रमवारीत) धरलाच जात नसे. मग गायकाचं घर कशावर चालायचं, लग्नांच्या सुपाऱ्यांवर? बँडमधल्या ढोलकीवाल्याला काय सुटायचं?

त्या काळात बर्मिंगहॅम, लंडनमधलं साउथॉल किंवा लेस्टरला राहिलेलं कुणी आहे का इथे? भरदुपारी व्हायचे ते भांगड्याचे 'डेटायमर' कार्यक्रम (रात्री घरून परवानगी नाही, म्हणून शाळा-कॉलेज बुडवून पोरं-पोरी तिथे!) कुणी पाहिलेत? तिकीट किती असायचं? जुनी पोस्टरं, कॅसेटची वेष्टनं असतील तर फोटो टाका. ऐकीव किस्से नकोत, स्वतः पाहिलेलं सांगा. पंजाबी शेजाऱ्यांनी स्वतः पाहिलेलं त्यांना विचारून सांगितलंत तरी चालेल.