पऱ्हाटी, कुटार आणि शेण: कशाचं काय करावं?

प्रश्न (काटोल): चार एकर कोरडवाहू, कपाशी-तूर अन् सोयाबीन. दोन बैल, एक गाय. शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर खत उरत नाही. पऱ्हाटी (कापूस वेचून उरलेली कपाशीची वाळकी झाडं) चुलीला ठेवावी की कुजवावी?

उत्तर १: पऱ्हाटी धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवू नका. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते. श्रेडरने दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. टनाला १०० किलो शेणाचा काला, ८ किलो युरिया अन् कुजवणारं जिवाणू कल्चर थरांत टाका. ओल टिकवा, महिन्याने पलटवा. युरियाशिवाय ढीग महिनोन्महिने तसाच राहतो, कारण पऱ्हाटीत कार्बन फार अन् नत्र कमी. अर्धकच्चं शेतात गेलं तर जमिनीतलं नत्रच ओढून घेतं, कपाशी पिवळी पडते.

उत्तर २: चुलीला तुराट्या ठेवा, कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) जनावरांनाच. कुटार जाळणं म्हणजे वैरण जाळणं!

उत्तर ३: गोवऱ्या थांबवायच्या तर गोबरगॅस पाहा. एक घनमीटर संयंत्राला रोज २५ किलो शेण, तेवढंच पाणी. तिन्ही जनावरं गोठ्यात बांधली तरच जमतं. चराईत अर्धं शेण रानातच पडतं. गॅस चुलीला, स्लरी (संयंत्रातून बाहेर पडणारं पातळ शेण) शेताला; नत्र बहुतेक टिकतं. स्लरी मात्र उन्हात वाळवू नका, अमोनिया उडून जातो. पऱ्हाटीच्या ढिगावरच ओता.