नव्या इमारतीच्या दर्शनी भागाला एसीपी की वीट-गिलावा? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही घर घेतलेल्या इमारतीचा सांगाडा उभा राहिलाय, आता बाहेरच्या भिंतींचं काम निघेल. मूळ आराखड्यात गिलावा, टेक्स्चर पेंट आणि बाल्कन्यांभोवती उघडी वीट होती. आता बिल्डर म्हणतोय, रस्त्याकडची बाजू खालपासून वरपर्यंत एसीपीने (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलने) मढवू. फ्लॅटधारकांच्या हरकती मागवल्यात, म्हणून इथे विचारतेय.

सगळ्यात मोठी काळजी आगीची. एसीपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दाबलेला भराव. हा भराव पॉलिथिलीनचा असेल तर तो पेटतो, वितळून जळते थेंब खाली टाकतो आणि पॅनेलमागची पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर असलीच पॅनेल होती. १४ जून २०१७ च्या आगीत तिथे ७२ माणसं गेली. त्याआधी २०१४ मध्ये मेलबर्नच्या लॅक्रॉस इमारतीत बाल्कनीतल्या एका सिगारेटने लागलेली आग बघता बघता वरच्या मजल्यांवर चढली होती. इंग्लंडने २०१८ मध्ये १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरायला बंदी घातली. हे सगळं वाचल्यावर मला झोप लागत नाही.

आमचा माल 'एफआर' (फायर रिटार्डंट, म्हणजे सहज न पेटणारा) आहे, एवढंच बिल्डर सांगतो. त्यावर नेमकं काय मागायचं? भरावात खनिज किती आणि प्लास्टिक किती, हे लेखी मिळतं का? चाचणी सुट्या पॅनेलची झाली आहे की पोकळी, उष्णतारोधक थर आणि फ्रेम धरून अख्ख्या भिंतीची? प्रत्येक मजल्यावर पोकळी बंद करणारे अग्निरोधक पट्टे बसवलेत, हे पॅनेल लागण्याआधी कोण तपासतं?

दुसरा प्रश्न पाण्याचा. गिलाव्याच्या नव्या इमारतीही दोन-तीन पावसाळ्यांत खिडक्यांखाली काळ्या ओघळांनी विद्रूप होतात. मला वाटतं, तिथे दोष रंगापेक्षा रेखाटनाचा जास्त असतो. खिडकीची सिल (खालची आडवी फरशी) भिंतीच्या पुढे आलेली नसते, तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच नसते. मग पाणी भिंतीवरूनच उतरतं. आर्किटेक्ट मंडळींनी सांगावं, सिल किती पुढे काढून घ्यावी?

एसीपीत सांध्यांचं काय? तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर ३ मीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा साधारण साडेतीन मिलिमीटर लांबतो, म्हणजे सांध्यांत भरलेला सिलिकॉन सतत ताणला जाणार. तो कधीतरी बदलावा लागेल. तेव्हा बिल्डर नसेल, खर्च सोसायटीचा. दुरुस्तीसाठी कामगारांचा झुला टांगायचे हुक गच्चीवर आत्ताच बसवून घ्यावेत ना?

माझा कल सध्या तरी वीट आणि गिलाव्याकडे आहे. एसीपी हवंच असेल तर फक्त प्रवेशद्वाराच्या छतापुरतं, तेही न पेटणाऱ्या भरावाचं. फायबर सिमेंटच्या किंवा टेराकोटाच्या पॅनेलचा अनुभव कुणाला असेल तर तोही सांगा.

आणि एसीपीच्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी खास प्रश्न: एसीच्या नळ्या काढायला, जाळ्या बसवायला लोक पॅनेलला भोकं पाडतातच. तुमच्याकडे त्यातून पाणी आत शिरलं का, आणि सोसायटीने त्यासाठी काही नियम केलाय का? तसा नियम असेल तर त्याचा मसुदा इथे टाका, हरकतीच्या पत्राला जोडता येईल.