मदत हवी आहे: आईची आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट घरी कशी सांभाळायची?

नमस्कार. आईला (वय ५४) आमवात आहे, रुमेटॉइड आर्थरायटिस. ती आणि बाबा कळमनुरी तालुक्यातल्या गावी, मी पुण्यात. नांदेडच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट चालू केली. गुण यायला दोन-अडीच महिने गेले, पण आला. सकाळी बोटं आखडायची, पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता. आता ती परत भाकरी थापते. त्यामुळे गोळी बंद करायचा विषयच नाही. भीती आहे ती चुकून जास्त जाण्याची.

गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री, १५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसातच्या दोन. मंगळवारी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या पिवळ्या, बारीक, पटकन ओळखू न येणाऱ्या. आईला वाचता येत नाही, बाबांना पाकिटावरचं बारीक अक्षर दिसत नाही, आणि बीपीची रोजची गोळीही त्याच डब्यात. परवा मेडिकलवाल्याने साडेसातची संपली म्हणून १० ची दिली, वर ‘तीच आहे, दोन घ्या’ म्हणाला. व्हिडिओ कॉलवर पाकीट बघितलं म्हणून कळलं, नाहीतर १५ ऐवजी २० गेली असती. ही गोळी चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी घटून माणसं दगावली आहेत, हे वाचल्यापासून झोप लागत नाही.

त्यात सोयाबीनची काढणी चालू, आणि आईला कालपासून ताप, लघवीला जळजळ. उद्या रविवार. गोळी द्यायची का? शेजारच्या काकू ताकदीसाठी गुळवेलाचा काढा आणून देतात, तो चालेल का? ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, माझ्या बायकोला हेच औषध बरीच वर्षं चालू आहे, लातूरला दाखवतो. आधी तापाचं बघा. जंतुसंसर्ग असला की आमचे डॉक्टर बरं वाटेपर्यंत गोळी थांबवायला लावतात. तुम्ही नांदेडला आजच फोन करा. लघवीच्या जळजळीवर गावात सेप्ट्रान ही अँटिबायोटिक गोळी लिहून देतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना ती अजिबात नको, दोन्ही मिळून रक्तपेशी एकदम खाली आणतात. अंगदुखीची गोळीसुद्धा विचारूनच. तोंड आलं, कोरडा खोकला येऊन धाप लागली किंवा अंगावर काळेनिळे डाग उठले, तर थांबू नका, थेट दवाखाना.

गोळी रोजच्या डब्यात ठेवूच नका. आम्ही पाकीट कात्रीने कापतो, एका डोसचा तुकडा एका लिफाफ्यात, वर जाड मार्करने तारीख. लिफाफे बाबांच्या ताब्यात द्या. एखादा रविवार चुकला तर दोन दिवसांत घेता येते, त्यानंतर सरळ पुढचा रविवार. दुप्पट कधीच नाही. चिठ्ठीवर ‘फक्त साडेसातची’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

काढा बंद करा. गुळवेलाने यकृताला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि मेथोट्रेक्सेटचा ताणही यकृतावरच येतो. रक्ताच्या तपासण्या, म्हणजे सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), वेळेवर होतायत ना?

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. नांदेडला बोलणं झालं. उद्याची गोळी थांबवायला सांगितली, सोमवारी लघवी आणि सीबीसी. मागची रक्ततपासणी काढणीमुळे राहिली होती, तीही आता सोबतच करून घेते. काकूंशी बाबा बोलतील.