अनुभव धागा : अशीमनंतरचा 'इंडियन ओशन' तुम्ही कसा ऐकलात?

'इंडियन ओशन' या बँडचा 'कंदिसा' (2000) हा अल्बम सगळ्यांचा ऐकून झालाय, तो जरा बाजूला ठेवू. बोलूया '16/330 खजूर रोड' या अल्बमबद्दल. दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात बँडचा सराव चालायचा, त्याचा हा पत्ता. गायक-तबलावादक अशीम चक्रवर्ती डिसेंबर 2009 मध्ये गेले. त्यांच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित झालेली ही सात गाणी बँडने जुलै 2010 पासून महिन्याला एक अशी फुकट देऊन टाकली. नंतरच्या 'तंदानू' अल्बमबद्दलही (2014) लिहा. शिव्या चालतील, कारणासकट.

पुणे
हॉस्टेलवर नेट रखडत चालायचं. एकाने गाणं उतरवायचं, मग पेनड्राइव्ह मजलाभर फिरायचा. पण हप्त्याहप्त्याने अल्बम ऐकणं मला रुचलं नाही. महिनाभर 'चाँद' घोळवल्यावर पुढचं गाणं उपऱ्यासारखं वाटायचं. सगळी सलग लावली तेव्हा कुठे अल्बम हाती लागला.

सांगली
मी तबला वाजवतो, त्यामुळे माझं ऐकणं तिरकंच. अशीम बसून वाजवायचे आणि त्याच वेळी गायचे. ज्याला गाताना श्वास घ्यायचाय त्याच्याच हातात ठेका, म्हणून ओळ कुठे ओढायची, समेवर कुठे टेकायचं याची विचारपूस लागत नसे. 'खजूर रोड'मध्ये हे शेवटचं ऐकू येतं. पुढे त्यांची जागा दोघांनी घेतली : हिमांशू जोशी गायला, तुहीन चक्रवर्ती तबल्याला. दोघेही तयारीचे. हिमांशूंचा आवाज तर वरच्या पट्टीत जास्त मोकळा जातो. पण आता गाणं आणि ठेका एकमेकांकडे बघून चालतात. मला तो फरक कळतो आणि खुपतोही. माझ्या मुलीला कळत नाही, ती मजेत ऐकते.

ठाणे
'कंदिसा'नंतर काही नाही. बाजूला ठेवला तरी तोच.

शहादा
'तंदानू'मधलं 'चीतू' कुणी काढलंच नाही अजून! अलिराजपूरकडच्या, इंग्रजांशी झुंजलेल्या आदिवासी वीराचं हे गाणं. बँडचे बासवादक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात खोऱ्यात राहिलेले, 'माँ रेवा' हे गाणंही त्यातूनच बँडकडे आलं. आमच्या धडगावच्या मित्राला 'चीतू'चे बोल बऱ्यापैकी लागले. आमच्याकडची पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्याला त्या गाण्याची भाषा लांबची नाही. त्याची तक्रार एवढीच की गिटार फार मध्येमध्ये येते. मला ती गिटारच आवडली. गिटारवादक सुस्मित सेन 2013 मध्ये बँड सोडून गेले, पण या अल्बमात अजून आहेत.

बंगळुरू
मी उलट्या दिशेने आले. 'पीपली लाइव्ह' सिनेमातलं त्यांचं 'देस मेरा' ऐकून शोध घेतला, तर पहिला सापडला 'खजूर रोड'. गायक हयात नाहीत हे मला सगळी गाणी पाठ झाल्यावर समजलं. त्यामुळे तुम्ही सगळे त्यात जो शोक ऐकता, तो मला ऐकूच येत नाही. 'बोंध' मी सकाळी डबे भरताना मोठ्याने लावते. 'तंदानू'त मात्र पाहुण्यांची गर्दी झालीय. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, विशाल ददलानी, सगळी माणसं मोठी. दर गाण्याला नवा पाहुणा आला की यजमान कुठे बसलेत ते शोधावं लागतं.

सांगली
बंगळुरू, 'तंदानू' हेडफोनवर ऐका. यजमान डावीकडे-उजवीकडे नाहीत, खाली आहेत. राहुल राम यांची बास गिटार पकडा.