बी विंग – फक्त कामाचे मेसेज

साठे काकू ७०३: नमस्कार. सकाळी पावणेसातपासून माझ्या डोक्यावर ट्रॅक्टर चालू आहे. आज रविवार आहे याची कुणाला कल्पना? बरं, एवढं करून वर जाऊन पाहिलं तर शेवाळं जिथल्या तिथे. मग हा आवाज नक्की कशासाठी चाललाय?

अमोल ४०३: काकू गुड मॉर्निंग 🙏 कोजागिरी तोंडावर आली ना. मागच्या वर्षी गच्चीवर कोण घसरलं होतं ते सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून यंदा आधी धुऊन घेतोय. सोसायटीचं पेट्रोलवरचं प्रेशर वॉशर मशीन (जोराच्या फवाऱ्याने धुणारं) जरा त्रास देतंय.

साठे काकू ७०३: घसरलेल्या माणसाचं नाव घ्यायला लाजू नकोस. ह्यांचा गुडघा अजून बोलतो.

जोगळेकर २०४: सदर मशीन खरेदी करताना तीन कोटेशन मागवण्यात आली नव्हती. एजीएमची मिनिट्स पाहावीत.

नेहा ५०१: काका, कोटेशनने शेवाळं निघत असेल तर आत्ता मागवू 😄

माने सेक्रेटरी: सर्वांना विनंती, चर्चा सौजन्याने व्हावी. अमोल, नेमकं काय होतंय ते इथे लिही.

अमोल ४०३: दोन भानगडी आहेत सर. इंजिन सुरू होतं पण आवाज वर-खाली वर-खाली. चोक अर्धा ओढून ठेवला तरच टिकतं, आत ढकलला की बंद. आणि गनमधून पाणी कधी सणसणीत, कधी बाळाने शू केल्यासारखं. पाइप हातात नाचतो, पंपातून खडखड येते. मे महिन्यात खाली पार्किंग धुतलं तेव्हा झकास चाललं होतं.

शिंदे १०२: 🎤 व्हॉइस मेसेज २:४८

साठे काकू ७०३: शिंदे, लिहा हो. ऐकायला आधी वरचा आवाज थांबायला हवा ना.

शिंदे १०२: बरं. टाकीत पेट्रोल मे महिन्यातलंच आहे का?

अमोल ४०३: अर्धी टाकी होती. वरून थोडं ताजं घातलं.

शिंदे १०२: झालं मग. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं. पावसाळाभर मीटर रूममध्ये पडलं की पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राहतं, ते कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल यायच्या बारीक भोकात बसतं. जेट चोंदला की पेट्रोल कमी, हवा जास्त. म्हणून चोक ओढल्याशिवाय इंजिन धरत नाही. जुनं सगळं काढा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा बोल्ट सोडून वाटी रिकामी करा. तरी नाही जमलं तर जेट काढून कार्ब क्लीनर मारा, टाचणी घालू नका. बारीक भोक असतं, एकदा मोठं झालं की गेलं.

पाटील काका ६०२: 🌹 शुभ रविवार 🌹 फुलासारखे हसत राहा, सुगंध आपोआप पसरेल 🌹

नेहा ५०१: पाटील काकांचं मशीन रोज वेळेवर सुरू होतं बघा.

जोगळेकर २०४: तीन कोटेशन मागवली असती तर आज ही वेळ आली नसती. मिनिट्स पाहावीत.

शेख ३०२: मशीनचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. शुक्रवारी संध्याकाळी हे खाली बेसमेंटमध्ये कुणी चालवून पाहिलं? शटर अर्धं खाली होतं. मी गाडी लावायला गेलो तर वॉचमन मामा भिंतीला टेकून बसलेले, डोकं गरगरतंय म्हणाले. वर आणून मोकळ्या हवेत बसवलं, नंतर उलटी झाली त्यांना.

अमोल ४०३: पाऊस होता म्हणून आत घेतलं असेल कुणीतरी.

साठे काकू ७०३: कुणीतरी?

(हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे)

साठे काकू ७०३: वाचला मी.

शिंदे १०२: हे बाकी चेष्टेवारी नेऊ नका. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मग माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. बेसमेंटमध्ये, डक्टमध्ये, जिन्याच्या खोलीत हे इंजिन चालवायचंच नाही. शटर उघडलं तरी नाही. आमच्या भोसरीच्या शेडमध्ये जनरेटरसुद्धा बाहेर ठेवतो आम्ही.

माने सेक्रेटरी: शेखभाई, हे शुक्रवारीच कळवायला हवं होतं.

शेख ३०२: शुक्रवारीच कळवलं होतं सर. तुम्ही 👍 टाकलं होतं.

माने सेक्रेटरी: नोंद घेतली आहे. मामांना मी आजच डॉक्टरकडे घेऊन जातो. मशीन यापुढे फक्त उघड्यावर. अमोल, आत्ता ताजं पेट्रोल आणता येईल का?

अमोल ४०३: सर, पंपावर बाटलीत देत नाहीत. कॅन नेला तर दहा प्रश्न विचारतात. कुणाच्या तरी बाइकमधून लिटरभर काढलं तर?

शेख ३०२: माझ्या गाडीकडे बघूसुद्धा नका.

नेहा ५०१: २०४ ची स्कूटर २०१९ पासून जागची हललेली नाही, तिच्यात असेल 😇

शिंदे १०२: तिच्यातलं घालाल तर मशीनच्या जोडीला स्कूटर पण भंगारात द्या.

जोगळेकर २०४: व्यक्तिगत टीका टाळावी. माझा मुद्दा खरेदी प्रक्रियेचा होता व आहे. तीन कोटेशन.

शिंदे १०२: आणि पेट्रोल गरम इंजिनात ओतायचं नाही. बंद करा, चहा प्या, मग भरा.

साठे काकू ७०३: माझा मूळ प्रश्न कुणी घेतच नाहीये. त्या मशीनने गच्चीचा कोबा उखडतोय. चायना मोझॅकचे तुकडे पाण्याच्या पाइपाशी गोळा झालेत, फोटो टाकते. माझ्या बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे आलेत ते यामुळेच.

माने सेक्रेटरी: काकू, ते पोपडे मशीन यायच्या आधीचे आहेत. आपण दोघांनी मिळून पाहिले होते.

साठे काकू ७०३: पाहिले होते, केलं काही नव्हतं. गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची असते, उपविधींत लिहिलंय. तो खर्च आला की फंड नाही म्हणता. मशीनला बरा फंड निघाला.

जोगळेकर २०४: 👆 हेच म्हणतोय मी. तीन कोटेशन.

शिंदे १०२: फोटो पाहिला. काकूंचं बरोबर आहे. अमोल, नोझल कुठलं लावलंय?

अमोल ४०३: लाल. कमी प्रेशर येतंय म्हणून म्हटलं जोराचं लावू.

शिंदे १०२: अरे लाल म्हणजे शून्य अंशाची सुई, फवारा पसरतच नाही. सांध्यातलं सिमेंट कोरून काढते ती. मोझॅकला हिरवं लाव, २५ अंशांचं, आणि फूटभर तरी लांब धर. नाजूक जागी पांढरं, ४० चं. काळं फक्त साबणासाठी, त्याशिवाय साबण ओढतच नाही. लाल नोझल मानेसरांकडे जमा कर. आणि तू सकाळी स्लीपरवर होतास, मी खालून पाहिलं. तो फवारा पायावर आला तर कातडी फोडून आत जातो. वरून दिसतं टाचणीएवढं, आतून बोट काढायची वेळ येते.

नेहा ५०१: अमोलदादा, कोजागिरीला पायासकट ये.

माने सेक्रेटरी: पण प्रेशर कमी का येतंय? पंप गेला का? दुरुस्तीवाला म्हणतो पंप बदला, नव्या मशीनच्या निम्मी किंमत सांगितली त्याने.

शिंदे १०२: एक रुपया देऊ नका. अमोल, गच्चीवरच्या नळाला तोच पाइप लाव, मशीनला जोडू नको, २० लिटरची बादली भर आणि घड्याळ बघ.

अमोल ४०३: चार मिनिटं लागली.

शिंदे १०२: म्हणजे मिनिटाला पाच लिटर. हा पंप मिनिटाला नऊ-दहा लिटर मागतो. पाणीच अर्धं मिळतंय तर तो हवा ओढणार, खडखडणार, पाइप नाचणार. वरच्या टाकीतलं पाणी खाली पार्किंगला सात मजले उतरून येतं, तिथे दोन किलोच्या वर दाब मिळतो. गच्चीवर टाकी नळापेक्षा जेमतेम दीड-दोन मीटर उंच, म्हणजे दाब पाव किलोसुद्धा नाही. त्यात अर्ध्या इंचाचा लांबलचक पाइप. खाली चालतं आणि वर नाही, याचं कारण एवढंच.

माने सेक्रेटरी: मग उपाय?

शिंदे १०२: २०० लिटरचा ड्रम मशीनपेक्षा वर, विटांवर ठेवा. बुडाशी एक इंची कॉक आणि आखूड जाड पाइप. नळ ड्रममध्ये सोडून द्या. दहा जातंय, पाच येतंय, ४० मिनिटं सलग काम होतं. मग थांबा, ड्रम भरू द्या.

शेख ३०२: आणि टँकरचं बिल? आठवड्याला दोन टँकर येतात आपल्याकडे.

नेहा ५०१: मग झाडू आणि ब्लिचिंग पावडर?

शेख ३०२: आमच्या अम्मीने आयुष्यभर तेच केलं.

अमोल ४०३: झाडूने किती पाणी जातं ते आधी मोजा भाई, मग बोलू.

माने सेक्रेटरी: कृपया. या वेळी मशीन, पुढचं पुढे. शिंदे, सुरू करायची पद्धत एकदाच लिहून द्याल? दर वेळी वेगवेगळी ऐकतोय.

शिंदे १०२: आधी पाणी सोडायचं, गन दाबून धरायची, फसफस थांबून सलग धार आली की हवा गेली. गन तशीच दाबून दोरी ओढायची. न दाबता ओढली की पंपात दाब अडकलेला असतो, दोरी हाताला झटका देते. मशीन ढाळावर ठेवू नका, ऑइलचा सेन्सर इंजिन सुरूच होऊ देत नाही. गन सोडून गप्पा मारत उभं राहायचं नाही. तेच पाणी पंपात फिरून तापतं, दोन मिनिटांच्या वर गेलं की सील भाजतात. पंपाचं ऑइल दुधासारखं दिसलं तर सील गेलं समजा. बंद केल्यावर गन दाबून दाब काढायचा. आणि काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात हा ग्रुप शांत राहील.

जोगळेकर २०४: लेखी सूचना चांगल्या आहेत. या खरेदीपूर्वी मिळायला हव्या होत्या.

माने सेक्रेटरी: ड्रम कुणाकडे आहे?

अमोल ४०३: ७०३ च्या बाल्कनीत निळा आहे 🙈

साठे काकू ७०३: आहे. देईन. सकाळी दहाच्या आत मशीन चालू होणार नाही आणि माझ्या बेडरूमचं वॉटरप्रूफिंग पुढच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेत येईल, हे मानेंनी इथे लिहून द्यावं.

माने सेक्रेटरी: दहाच्या आत नाही. विषयपत्रिकेत घेतो.

साठे काकू ७०३: क्रमांक एकवर.

माने सेक्रेटरी: क्रमांक एकवर.

साठे काकू ७०३: पाठवा कुणाला तरी. त्यात माझं गांडूळखत आहे, ते आधी रिकामं करावं लागेल.

शिंदे १०२: खताचा ड्रम? तीन पाण्यांनी धुवा आणि तोंडाला जाळी लावा. एक खडा आत गेला तर पंप खरंच बदलावा लागेल.

अमोल ४०३: काकू, खत कशात काढू?

साठे काकू ७०३: गांडुळं जिवंत आहेत, सावकाश काढ. घरातली मोठी घमेली घेऊन ये, दोन लागतील.