भाड्याच्या गाडीचा ब्रेक घाटात कमी लागतोय, मालवणहून पुण्याला कसं यावं? (मदत हवी आहे)

नमस्कार. सध्या मालवणात आहोत, परवा सकाळी पुण्याला निघायचं आहे. सोबत आई, बाबा आणि शाळकरी मुलगी. गाडी सेल्फ ड्राइव्ह भाड्याने घेतलेली, चालवणारी मी एकटीच. जाणकारांनी लवकर सांगितलं तर फार उपकार होतील.

गाडीचं मॉडेल लिहीत नाही, कारण दोष मॉडेलचा नाही, निगा न राखल्याचा आहे. पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. पाटी काळी, अक्षरं पिवळी, म्हणजे रीतसर भाड्याची. बुकिंगच्या फोटोत डिकी रिकामी दिसत होती, प्रत्यक्षात ती सीएनजीच्या टाकीनेच भरलेली. एक बॅग बाबांच्या पायाशी, एक मुलीच्या मांडीवर. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावं लागतं. चढ आला की एसी बंद. मागची एक काच अर्ध्यावरच अडकते. हे सगळं चालवून घेतलं असतं, ब्रेकचं मात्र चालवून घेता येत नाही.

कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरलो. हायवेवर ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, हे आधीच लक्षात आलं होतं. घाटात मी सीएनजी बंद करून पेट्रोलवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरत होते. तरी निम्म्या उतारावर पेडल मऊ लागायला लागलं, नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. काच खाली केली तर करपल्याचा वास. पुढच्या वळणावर एसटी उभी होती. पाय पार तळाला टेकला तेव्हा कुठे गाडी थांबली. जागा बघून बाजूला घेतली, अर्धा तास गार होऊ दिली. नंतर पेडल पुन्हा पहिल्यासारखं. कणकवलीपासून मालवणपर्यंत काहीच जाणवलं नाही.

मालकाला फोन केला. "सर्व्हिसिंग नुकतंच झालंय मॅडम, घाटात एवढं होतंच." बदली गाडी हवी तर पुण्यात या म्हणाले. इकडच्या गॅरेजात चाक उघडलं तर डिपॉझिटमधून कापणार, हेही ऐकवलं. मागच्या डाव्या टायरवर ०८१९ असा आकडा आहे आणि बगलेच्या रबराला बारीक भेगा गेल्यात.

परतताना फोंडाच घ्यावा की वैभववाडीवरून करूळ? गाडी इथे दाखवावी का, आणि दाखवली तर डिपॉझिटचं काय? ताब्यात घेतानाचा चारी बाजूंचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. पण ब्रेकचा पुरावा व्हिडिओत कसा येणार?

प्रतिसाद १

ताई, परतीला घाट तुम्हाला चढायचा आहे. चढणीला ब्रेकवर फारसा भार येत नाही, त्यामुळे फोंडा की करूळ हा प्रश्न गौण आहे. ओळखीचा म्हणून फोंडाच घ्या. काळजी पुढची करा. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तिथे ब्रेक निकामी झालेल्या अवजड गाड्यांनी काय होतं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. दिवसभर चालवून दमल्यावर, मागे ट्रक असताना, तिथे मऊ पेडल नको. गाडी दाखवल्याशिवाय निघू नका.

तुमच्या गाडीत दोन वेगळे दोष दिसतात. स्टिअरिंग थरथरतं ते बहुतेक पुढच्या डिस्क एकसारख्या झिजलेल्या नाहीत म्हणून. पेडल खोल जातं ते ब्रेक ऑइलमुळे असावं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं. मग पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, पाय ती वाफच दाबत बसतो, ब्रेकपर्यंत जोर पोचत नाही. गार झालं की सगळं ठीक वाटतं, म्हणून मालक "काही नाही" म्हणून मोकळे होतात. ऑइल बदलून एअर काढायला फार वेळ लागत नाही. पॅडही बघायला सांगा.

अजून एक. सपाट रस्त्यावर थोडं चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा, मग उतरून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय.

०८१९ म्हणजे २०१९ च्या आठव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी भेगा गेलेला टायर हायवेवर नकोच.

प्रतिसाद २

फोनवर बोलणं थांबवा, व्हॉट्सअॅपवर लिहा. "ब्रेक असुरक्षित आहेत, सोबत ज्येष्ठ नागरिक आणि लहान मूल आहे. आज संध्याकाळपर्यंत गाडी बदलून द्या किंवा इथे दुरुस्तीला लेखी परवानगी द्या." गॅरेजवाल्याकडून काय सापडलं ते बिलावर लिहून घ्या, काढलेले पॅड पिशवीत घालून परत आणा. तुम्हाला हवा तो पुरावा हाच. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस कधीपर्यंत आहे तेही बघून ठेवा.

डिपॉझिट अडवलं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. त्यांच्या कार्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मेसेज लिहिल्यावर तासाभरात सूर बदलला, "करून घ्या, बिल पाठवा" असं लेखी आलं. आज कुडाळला गाडी दाखवली. पुढचं डावं चाकच तापत होतं. कॅलिपरची पिन गंजून अडकली होती, त्या बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला. ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. पिन साफ केली, पॅड आणि ऑइल बदललं. मेकॅनिकदादांनी स्वतः ओरोसपर्यंत चालवून बघितली, मग मला चालवायला दिली. पेडल आता वरच्या वर लागतं. थरथर थोडी आहे, डिस्क पुण्यातच बदलावी लागेल म्हणाले, तोवर सत्तरच्या वर जाऊ नका.

टायर बदलून द्यायला मालक तयार नाही. स्टेपनी मात्र बाकीच्या चाकांच्याच मापाची आणि २०२३ ची निघाली, तीच मागे डावीकडे लावून घेतली. म्हणजे आता स्टेपनी म्हणून तो भेगाळलेला टायर उरलाय. वाटेत पंक्चर झालं तर तो लावून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू जाता येईल का, की तेवढंही करू नये? आणि राधानगरी ते कोल्हापूर या टप्प्यात सकाळी लवकर उघडणारी पंक्चरची दुकानं कुणाला माहीत असतील तर कृपया सांगा.